पुस्तकं गेली, वास्तू राहिली

आमच्या सासूबाईंचं आणि गावच्या वाचनालयाचं नातं माझ्या लग्नाच्याही आधीचं आहे. दर गुरुवारी दुपारचा चहा झाला, की कापडी पिशवीत दोन पुस्तकं घालून त्या निघतात आणि तासाभरानं दुसरी दोन घेऊन परत येतात. पाऊस असो, पाहुणे असोत, गुरुवार चुकत नाही. वाचनालयाची इमारत जुनी, दगडी जोत्याची. वर कौलं, आत सागवानी खांब. पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, हे खरंच. पण तीन पायऱ्या चढल्या की माणूस थेट पुस्तकांपाशी!

गेल्या वर्षी वाचनालयाच्या वार्षिक सभेची नोटीस आली. तिच्यात नेहमीच्या विषयांखाली एक नवा विषय होता. इमारत जीर्ण झाली आहे, तेव्हा ती पाडून तिथं व्यापारी संकुल बांधावं. खाली दुकानं, आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक हॉल वाचनालयाला. मी सभासद म्हणून गेले होते. आम्ही पाच-सहा बायका मागच्या बाकावर. हिशेब झाले, भाषणं झाली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "महिला सभासदांना काही सांगायचंय?" आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि माना हलवल्या. झालं! विषय पुढच्या सभेत मंजुरीला ठेवायचं ठरलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर मी कशी गं चढणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शाळेत पोरांना इतिहास शिकवताना 'जुन्या वास्तू जपा' असं फळ्यावर लिहिणारी मी, आणि सभेत तोंडातून अक्षर निघालं नव्हतं. ही रुखरुख मनात घेऊनच मे महिन्यात आम्ही दोघी, म्हणजे मी आणि सासूबाई, अमेरिकेला गेलो.

माझ्या थोरल्या नणंदबाई शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतात. पहिले आठ दिवस विश्रांती, मुलांचे लाड आणि आईंच्या हातच्या पुरणपोळ्या यांत गेले. मग एके दिवशी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, उद्या शहरात जाऊ. आईला आवडेल अशी एक जागा आहे, आणि तिकीटही नाही."

आगगाडीनं आम्ही युनियन स्टेशनला उतरलो आणि आईंसाठी टॅक्सी केली. मे असूनही मिशिगन सरोवरावरून असा बोचरा वारा सुटला होता, की आईंनी शाल कानावरून घेतली. टॅक्सी मिशिगन ॲव्हेन्यू या मोठ्या रस्त्यावर थांबली. समोर मिलेनियम पार्क, आणि रस्त्याच्या अलीकडे करड्या-निळसर दगडाची, कमानींच्या खिडक्यांची भक्कम इमारत. हेच 'शिकागो कल्चरल सेंटर'. याच रस्त्यानं थोडं पुढं गेलं, की आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत लागते. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते तिथंच. त्या वेळी आमच्या समोरच्या या वास्तूचं बांधकाम चालू होतं. १८९२ मध्ये काम सुरू झालं आणि १८९७ मध्ये ती लोकांसाठी उघडली. खर्च जवळजवळ वीस लाख डॉलर, तेही त्या काळातले!

दक्षिणेच्या दारानं आत गेलो आणि पावलं आपोआप हळू पडू लागली. पांढऱ्याशुभ्र इटालियन संगमरवराचा रुंद जिना. त्याच्या कठड्यांवर, कमानींवर रंगीत काचेच्या, शिंपल्याच्या आणि सोनेरी तुकड्यांची नक्षी. मधेमधे आयर्लंडहून आणलेल्या हिरव्या संगमरवराच्या चकत्या. आईंनी कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर दगडावरचं भरतकाम!" त्यांचं सगळं आयुष्य कशिद्याच्या टाक्यांत गेलेलं, त्यामुळे नजर तिथंच जाणार.

तिसऱ्या मजल्यावर मोठं दालन आहे आणि त्याच्या माथ्यावर काचेचा घुमट. व्यास ३८ फूट आणि काचेचे सुमारे ३०,००० तुकडे. टिफनी या नामांकित कारागिरांच्या कारखान्यातलं हे काम. काचा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवल्या आहेत आणि अगदी वर, मध्यभागी, बारा राशींची चिन्हं आहेत. आईंनी मान वर करून सिंह शोधला, कारण आमच्या सासऱ्यांची रास सिंह. भिंतींवर विद्येची थोरवी सांगणारी वचनं निरनिराळ्या भाषांत कोरली आहेत. हिब्रू, अरबी, चिनी, इतकंच काय, इजिप्तची चित्रलिपीसुद्धा आहे.

खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक मुलगी पियानोवर सराव करत होती. आम्ही बसलो. आई बराच वेळ गप्प होत्या. मग वन्संना म्हणाल्या, "हे काय होतं गं पूर्वी? राजवाडा?"

"नाही आई, वाचनालय. शहराचं सार्वजनिक वाचनालय. पुस्तकं द्यायची-घ्यायची जागा हीच, आपण बसलोय ती."

आईंनी चारी बाजूंना पाहिलं. कपाट नाही, पुस्तक नाही. "मग पुस्तकं कुठं गेली?"

वन्संना लगेच सांगता येईना. त्या प्रश्नापायी आम्ही दिवसभर तिथं रेंगाळलो. वास्तू दाखवणाऱ्या एका वयस्कर स्वयंसेविका बाईंना विचारलं, लावलेले फलक वाचले आणि रात्री घरी येऊन वन्संच्या मुलाकडून आणखी माहिती काढली. ती गोष्ट तुम्हालाही सांगते, कारण ती नुसत्या शिकागोची नाही.

ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला भयंकर आग लागली आणि शहराचा मोठा भाग राख झाला. इंग्लंडमधल्या लोकांना वाटलं, की बिचाऱ्यांचं वाचनालयही जळालं असणार. म्हणून टॉमस ह्यूज या लेखकाच्या पुढाकारानं तिकडून सुमारे ८,००० पुस्तकं भेट आली. देणाऱ्यांत खुद्द व्हिक्टोरिया राणी होती. गंमत अशी, की शिकागोत तोवर सर्वांना फुकट खुलं असं सार्वजनिक वाचनालय नव्हतंच! आता पुस्तकं आली, तर ती ठेवायला घर हवं. म्हणून १८७२ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८७३ रोजी वाचनालय सुरू झालं. कुठं, माहीत आहे? आगीतून वाचलेल्या एका लोखंडी पाण्याच्या टाकीत! गोल टाकीत गोल फळ्या ठोकून त्यांवर पुस्तकं लावली. हे ऐकून आई म्हणाल्या, "म्हणजे जुन्या पिंपात धान्य भरतो तसं." अगदी तसंच! लुगडं विटलं की गोधडी होते, डबा गळका झाला की त्यात तुळस लागते. टाकून न देता कामाला लावणं आपल्या घरात रोजचं आहे. शहरांनाही ते जमतं, हे मला तिथं प्रथम उमगलं.

टाकीनंतर बरीच बिऱ्हाडं बदलून वाचनालयाला १८९७ मध्ये ही स्वतःची वास्तू मिळाली. तीही तडजोडीनंच. त्या जागेवर यादवी युद्धातल्या निवृत्त सैनिकांच्या संघटनेचाही हक्क होता. म्हणून दक्षिणेला वाचनालय आणि उत्तरेला सैनिकांचं स्मृतिदालन, अशी दोन दारांची इमारत बांधली. उत्तरेच्या दालनावरही काचेचा दुसरा मोठा घुमट आहे. एका घरात दोन बिऱ्हाडं, दोघांची दारं वेगळी! आपल्याकडच्या वाड्यांची आठवण झाली.

पाऊणशे वर्षं गेली. पुस्तकं वाढली, जागा पुरेना. १९७० च्या सुमारास इमारत पाडण्याची भाषा सुरू झाली. तो काळच पाडापाडीचा होता. १८९४ मध्ये बांधलेली शिकागोच्या शेअर बाजाराची देखणी इमारत १९७२ मध्ये पाडली गेली. ती वाचावी म्हणून धडपडणारा रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार पाडकाम चालू असताना आतले नक्षीचे तुकडे वाचवायला गेला आणि ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावला. त्या इमारतीतलं सौद्यांचं दालन पुढं आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जसंच्या तसं उभं केलं. बाकी बहुतेक सगळं गेलं.

आणि इथं आपल्यासारखी एक बाई गोष्टीत येते. एलेनोर डेली. शहराचे महापौर रिचर्ड डेली यांची पत्नी. हे गृहस्थ १९५५ पासून १९७६ मध्ये वारेपर्यंत सलग महापौर होते आणि शहरात त्यांच्या शब्दाबाहेर काही होत नसे. एलेनोरबाई सात मुलांची आई. घर सांभाळणाऱ्या, सभा-भाषणांपासून लांब राहणाऱ्या. १९७२ मध्ये एका वार्ताहरानं त्यांना या जुन्या वाचनालयाबद्दल विचारलं. बाईंनी सरळ सांगून टाकलं, की शहरातल्या सुंदर जुन्या इमारती दुरुस्त करून राखाव्यात, असं माझं मत आहे. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं!

वन्सं हसून म्हणाल्या, "महापौरांना रात्री जेवायला घरीच जायचं होतं ना!"

आता एका वाक्यानं सगळं झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वास्तुतज्ज्ञ आणि नागरिक आधीपासून झटत होतेच. पण जे बोलायला अनेकांना धीर होत नव्हता, ते बाई सहज बोलून गेल्या आणि पाडायची भाषा मागं पडली. १९७२ मध्येच इमारत राष्ट्रीय वारसा यादीत गेली, १९७६ मध्ये शहरानं तिला संरक्षण दिलं, आणि मोठी दुरुस्ती होऊन १९७७ मध्ये ती सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडली.

आईंचा प्रश्न मात्र तसाच होता. पुस्तकांचं काय झालं?

त्याचं उत्तर तितकंसं गोड नाही. १९७५ मध्ये मुख्य संग्रह तिथून हलवला आणि एका व्यापारी कंपनीच्या जुन्या इमारतीत नेऊन ठेवला. तात्पुरता म्हणून! आपल्याकडे 'तात्पुरतं' म्हणजे किती, ते तुम्ही जाणताच. तिकडेही सोळा वर्षं लागली. नवं मध्यवर्ती ग्रंथालय १९९१ च्या ऑक्टोबरात उघडलं. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांचं नाव त्याला दिलं आहे. १९७५ मध्ये शाळेत असलेली मुलं तोवर स्वतः आईबाप झाली असतील. वास्तू वाचली याचा आनंद मानताना ही सोळा वर्षंही हिशेबात धरली पाहिजेत, असं मला वाटलं. जुनं घर राखायचं, तर त्यातल्या माणसांची सोय आधी लावावी लागते. नाहीतर घर शोभेचं होतं आणि माणसं उघड्यावर पडतात.

आणि वास्तू राखणं म्हणजे एकदा रंग देऊन मोकळं होणंही नाही. त्या टिफनीच्या घुमटावर १९३० च्या दशकात पावसापाण्यापासून जपायला म्हणून काँक्रीट आणि तांब्याचं आच्छादन घातलं होतं. काचा वाचल्या, पण ऊन अडलं. रंगीत काच सत्तरेक वर्षं आतल्या विजेच्या दिव्यांवर दिसत राहिली. २००८ मध्ये ते आच्छादन काढलं, एकेक काच साफ केली आणि वर प्रकाश येऊ देणारं नवं छप्पर बसवलं. उत्तरेच्या सैनिकी दालनाचं काम तर अलीकडे, २०२२ मध्ये पुरं झालं. वर्षानुवर्षं चढलेल्या रंगाच्या थरांखालून मूळची रंगसंगती पुन्हा वर काढली आहे. म्हणजे १९७२ मध्ये घेतलेला निर्णय पन्नास वर्षं निभवावा लागला.

पण आज तिथं काय चाललंय ते बघून जीव निवतो. सगळं फुकट. चित्रांची प्रदर्शनं, गाणं, नाच, व्याख्यानं. ज्येष्ठ मंडळी टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेली. कुणी आपला डबा उघडलेला. एक आजी विणकाम करत होत्या, तर आईंनी खुणेनंच त्यांना टाका विचारून घेतला! मला वाटतं, म्हणूनच या वास्तूला 'लोकांचा राजवाडा' म्हणतात. पुस्तकं गेली, पण दार सगळ्यांना उघडं ठेवायचा मूळचा धर्म सुटला नाही. तिथं महागडी दुकानं घातली असती, तर दगड तेच राहिले असते, पण आमच्यासारख्या तिघी आत शिरल्याच नसत्या.

मागच्या गल्लीतल्या भिंतीवर केरी जेम्स मार्शल या चित्रकारानं २०१७ मध्ये भलंमोठं चित्र काढलं आहे. झाडांच्या खोडांत कोरल्यासारखे वीस चेहरे, आणि विसाच्या वीस स्त्रियांचे! शिकागोची कला आणि संस्कृती घडवणाऱ्या. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स त्यांत आहेत, ओप्रा विन्फ्री आहेत, आणि शहराचं सांस्कृतिक खातं वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या लोइस वाइसबर्गही आहेत. समोरच्या मिलेनियम पार्कच्या पलीकडे मुलांची एक सुंदर बाग आहे. तिला मॅगी डेली यांचं नाव आहे. या एलेनोरबाईंच्या सूनबाई. त्यांचे पतीही पुढं महापौर झाले आणि त्यांनी स्वतः शहरातल्या तरुण मुलांसाठी कलेचे वर्ग चालवले. सासूनं वास्तू राखायचा शब्द टाकला, सुनेच्या नावानं बाग झाली. आम्हा सासू-सुनांना याची गंमत वाटली नसती तरच नवल!

दुपारी आम्ही नवं ग्रंथालयही पाहून आलो. पंधराएक मिनिटांची वाट आहे. तिथं मजल्यामागून मजले पुस्तकांनी भरलेले. सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवायला आई बिचकल्या, पण लिफ्ट होती. पुस्तकांच्या रांगांमधून फिरल्यावर त्या म्हणाल्या, "हं. आहेत बाई पुस्तकं. आता बरं वाटलं."

तुमच्यापैकी कुणी लेकीकडे, सुनेकडे शिकागोला जाणार असाल, तर ही जागा चुकवू नका. मिशिगन ॲव्हेन्यूवर रँडॉल्फ आणि वॉशिंग्टन या दोन रस्त्यांच्या मधे आहे. पायात चालायचे बूट, अंगावर स्वेटर आणि पर्समध्ये पाण्याची बाटली असू द्या. दोन्ही घुमट बघा, एक पाहून परत फिरू नका. आणि निदान अर्धा तास नुसतं बसा.

परत आल्यावर पंधरवड्यातच वाचनालयाची सभा होती. या वेळी आई माझ्याबरोबर आल्या. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. विषय निघाला तेव्हा मी उठले. खरं सांगते, पाय कापत होते. वर्गात साठ पोरांसमोर बोलणं वेगळं आणि गावातल्या मोठ्या मंडळींसमोर वेगळं. मी तीनच गोष्टी विचारल्या. इमारत पाडायलाच हवी, असं कुणा जाणकार अभियंत्यानं पाहून लिहून दिलंय का? पाडल्यापासून नवी होईपर्यंत पुस्तकं कुठं राहणार आणि किती दिवस? आणि तिसऱ्या मजल्यावर म्हातारी माणसं कशी चढणार?

एक सभासद म्हणाले, "ताई, भावनेच्या भरात निर्णय होत नसतात." मी म्हटलं, "म्हणूनच लेखी मागतेय." मागून दोन-तीन बायका म्हणाल्या, "बरोबर आहे." मग बाकीचेही बोलू लागले. कौलं बदलायला किती लागतील, मागचं रिकामं गोदाम अभ्यासिकेला देता येईल का, समोरच्या ओसरीवर दुपारी मुलांसाठी गोष्टींचा तास चालवता येईल का, अशी चर्चा तासभर चालली.

आम्ही जिंकलो वगैरे काही नाही. विषय सहा महिने पुढं ढकलला आहे आणि तोवर इमारतीची तपासणी करून घ्यायचं ठरलं आहे. अहवाल काय येईल कोण जाणे. इमारत खरोखरच धोक्याची निघाली, तर ती राखा असा हट्ट मीही धरणार नाही. पण तेव्हा पुस्तकांची आणि आमच्या गुरुवारची सोय आधी लिहून घेऊ. एवढं नक्की, की या वेळी 'महिला सभासदांना काही सांगायचंय?' असं विचारायची वेळच अध्यक्षांवर आली नाही.

गोष्टींचा तास मात्र सुरू झाला आहे. दर गुरुवारी, चार वाजता, ओसरीवर. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. गोष्ट सांगितली आमच्या सासूबाईंनी. कुठली म्हणाल? पाण्याच्या टाकीत भरलेल्या वाचनालयाची!